उजवा निलय आणि डावा निलय : तुलना पाठ न करता कशी करावी

हृदयाच्या दोन निलयांची, म्हणजे व्हेंट्रिकल्सची, तुलना विचारली की बहुतेक जण कागदावर मधोमध उभी रेघ मारतात. उजवीकडे पातळ भिंत, डावीकडे जाड. उजवीकडे तीन पाकळ्यांची झडप, डावीकडे दोन. उजवीकडे कमी दाब, डावीकडे जास्त. गुण मिळतात. पण त्याच विद्यार्थ्यापुढे जाड भिंतीच्या उजव्या निलयाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) ठेवला की तक्ता हात वर करतो. यातला कोणता फरक परिस्थितीनुसार बदलतो आणि कोणता कधीच बदलत नाही, हे तक्त्यात कुठे लिहिलेलेच नसते.

म्हणून इथे पद्धत वेगळी ठेवली आहे. फरक समोर आला की एकच प्रश्न विचारायचा : हा भारामुळे आलेला आहे की घडणीतला? भारामुळे आलेला फरक भार बदलला की बदलतो. घडणीतला फरक निलयाला कोणतेही काम दिले तरी तसाच राहतो. वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी, तसेच इको शिकणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी हे लिहिले आहे. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, मधे थोडी आकडेमोड आहे.

पायरी १ : आधी सारखे काय आहे ते लिहा

दोन्ही निलय एकामागोमाग एक जोडलेले आहेत. उजव्याने फुप्फुसांकडे पाठवलेले रक्तच डाव्याकडे येते आणि डाव्याने शरीरभर पाठवलेले रक्त पुन्हा उजव्याकडे परतते. त्यामुळे दर मिनिटाला दोघे जवळपास तेवढेच रक्त ढकलतात. एका ठोक्याला सुमारे ७० मिलीलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर.

ही बरोबरी किती काटेकोर असावी लागते, ते एका हिशोबातून कळते. समजा उजवा निलय दर ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त १ मिलीलिटर जास्त रक्त पाठवू लागला. मिनिटाला ७० मिलीलिटर जादा, तासाला ४,२०० मिलीलिटर. म्हणजे तासाभरात शरीरातले बहुतेक सगळे रक्त फुप्फुसांत साचेल. तसे होत नाही, कारण निलय जेवढा जास्त भरतो तेवढ्या जोराने आकुंचन पावतो. हाच फ्रँक-स्टार्लिंगचा नियम. उजव्याने थोडे जास्त पाठवले की डावा थोडा जास्त भरतो आणि पुढच्या काही ठोक्यांत हिशोब चुकता करतो.

बारकाईने पाहिले तर डाव्याचे काम किंचित जास्तच भरते. श्वासनलिकांच्या भिंतींना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतले बरेचसे रक्त उजव्या बाजूला न जाता थेट डाव्या अलिंदाकडे (निलयाच्या वरच्या कप्प्याकडे, एट्रियमकडे) येते. फरक एक-दोन टक्क्यांचा आहे; पुढच्या गणितात तो सोडून देऊ.

पायरी २ : पुढचा अडथळा मोजा

रक्त सारखेच, मग फरक कशात? ते ज्या वाहिन्यांत ढकलायचे आहे त्यांच्या अडथळ्यात. सूत्र साधे आहे : दोन टोकांच्या दाबातला फरक भागिले प्रवाह.

शरीराकडची बाजू घ्या. रक्तदाब १२०/८० असेल तर महाधमनीतला सरासरी दाब सुमारे ९३ मिमी पारा. रक्त शेवटी उजव्या अलिंदात पोहोचते, तिथला दाब ३ धरू. फरक ९०, प्रवाह ५ लिटर, उत्तर १८ वुड एकके (मिमी पारा भागिले दर मिनिटाचे लिटर).

आता फुप्फुसांकडची. फुप्फुस धमनीतला सरासरी दाब १४, डाव्या अलिंदातला ८. फरक ६, प्रवाह तोच, उत्तर १.२ वुड एकके.

म्हणजे डाव्यापुढचा अडथळा उजव्यापुढच्या अडथळ्याच्या पंधरापट आला. व्यक्तीगणिक हा आकडा कमीजास्त होईल, पण दहा-पंधरा पटींच्या घरातच राहील. फुप्फुसांतल्या वाहिन्या आखूड, रुंद, पातळ भिंतींच्या आणि प्रचंड संख्येने समांतर पसरलेल्या असतात. व्यायामात प्रवाह वाढला की विश्रांतीच्या वेळी मिटलेल्या आणखी वाहिन्या उघडतात आणि अडथळा उलट घटतो.

कामही मोजून टाका. ठोक्याचे रक्त गुणिले सरासरी दाब असा ढोबळ हिशोब धरला तर उजव्याचे काम ७० × १४ = ९८०, डाव्याचे ७० × ९३ = ६,५१०. साडेसहा पटींहून थोडे अधिक. पुढे जे स्नायू पाहायचे आहेत त्यांची जाडी या आकड्यांतून आली आहे.

पायरी ३ : आडवा छेद घ्या

प्रयोगशाळेत मेंढीचे किंवा बकऱ्याचे हृदय मिळाले तर उत्तम. नसेल तर एमआरआयचा आखूड अक्षातला छेद पाहा. हृदय हातात धरल्यावर समोरून तिरकी उतरणारी चरबीने भरलेली खाच शोधा. तिच्यातून डावी पुढची उतरती धमनी जाते आणि तिच्याच खाली आत दोन निलयांमधला पडदा असतो. खाचेच्या दोन्ही बाजू अंगठ्याने दाबा. एक बाजू मऊ लागते, दुसरी घट्ट. हृदयाचे टोक पूर्णपणे घट्ट बाजूचे, म्हणजे डाव्या निलयाचे असते. शरीरात मात्र छातीच्या मधल्या हाडामागे, सर्वांत पुढे, उजवा निलय बसलेला असतो.

आता टोक आणि झडपा यांच्या मधोमध खाचेला आडवा काप घ्या. डाव्या निलयाची पोकळी गोल दिसते आणि तिच्याभोवती जवळपास सारख्या जाडीची भिंत असते. उजवा निलय त्या गोलाला बाहेरून बिलगलेल्या चंद्रकोरीसारखा दिसतो. मधला पडदा उजवीकडे फुगलेला आहे. आकार आणि जाडी पाहता तो डाव्या निलयाच्याच वर्तुळाचा भाग आहे.

मोजपट्टी लावा. माणसाच्या हृदयात उजव्याची बाहेरची भिंत साधारण ३ ते ५ मिलीमीटर, डाव्याची ६ ते १० मिलीमीटर असते. मोजताना आतल्या स्नायूंच्या जुड्या आणि बाहेरची चरबी धरू नका. उजव्याच्या बाबतीत ही चूक फार होते, कारण तिथे दोन्ही भरपूर असतात. शिवाय मृत हृदयात डाव्या निलयाचा स्नायू आखडून राहिलेला असू शकतो. तेव्हा भिंत जाड आणि पोकळी लहान दिसते, पण तो आजार नसतो.

जाडीचा हा फरक भाराचा. ज्याच्यापुढे दाब जास्त, त्याने भिंत जाड केली, म्हणजे तो ताण जास्त स्नायूवर वाटला जातो.

पायरी ४ : ओळखीच्या खुणा शोधा

या पायरीवर घाई करू नका. जाडी, दाब आणि निलय छातीत कुठल्या बाजूला आहे, या तिन्हींवरून निलयाची ओळख ठरत नाही. ओळख पटते ती घडणीतल्या खुणांवरून.

उजवा निलय फुप्फुस धमनीकडून मधल्या पडद्याच्या कडेने उघडा. पहिली नजर आतल्या पृष्ठभागावर टाका, विशेषतः टोकाकडच्या. उजव्यात स्नायूंच्या जुड्या जाड, ओबडधोबड आणि ठळक असतात. डाव्यात त्या बारीक असतात आणि एकमेकींत विणलेल्या दिसतात. डाव्याकडून मधल्या पडद्याचा वरचा भाग तर गुळगुळीतच असतो.

मग उजव्यात पडद्यापासून निघून पोकळी ओलांडणारी आणि पुढच्या पॅपिलरी स्नायूच्या (झडपेच्या दोऱ्या धरून ठेवणाऱ्या स्नायूच्या) मुळाशी पोहोचणारी जुडी शोधा. हा मॉडरेटर बँड. मेंढीच्या हृदयात तो सहज दिसतो. विद्युतवहनाच्या उजव्या शाखेचे तंतू यातून पलीकडच्या भिंतीकडे जातात, त्यामुळे दूरच्या पॅपिलरी स्नायूला आकुंचनाचा संदेश वेळेवर मिळतो. चुकून कापू नका. बरेच जण कापतात आणि मग शोधत बसतात.

त्रिदल झडपेच्या पाकळ्यांना धरून ठेवणाऱ्या दोऱ्या कुठे जातात ते पाहा. आतल्या पाकळीच्या बऱ्याच दोऱ्या थेट मधल्या पडद्याला चिकटलेल्या असतात. डाव्याकडच्या मायट्रल, म्हणजे दोन पाकळ्यांच्या, झडपेच्या दोऱ्या पडद्याला शिवतही नाहीत. त्या दोन पॅपिलरी स्नायूंवरच जातात आणि ते दोन्ही बाहेरच्या भिंतीवर उभे असतात. निलय ओळखताना ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण इकोमध्येही ती दिसते. शेवटच्या प्रसंगासाठी ती लक्षात ठेवा.

झडपांची पातळीही वेगळी असते. मधल्या पडद्यावर त्रिदल झडपेचे बिजागर मायट्रलपेक्षा किंचित टोकाकडे असते. इकोच्या चार कप्प्यांच्या दृश्यात हा छोटा फरक स्पष्ट दिसतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे तो ८ मिलीमीटरपेक्षा जास्त भरला तर एब्स्टाइनच्या विकृतीचा (त्रिदल झडप जन्मतःच टोकाकडे सरकलेली असण्याचा) विचार करावा लागतो. पातळीतल्या या फरकामुळे पडद्याचा एक लहान तुकडा डावा निलय आणि उजवे अलिंद यांच्यामध्ये येतो; तिथे भोक असेल तर डाव्या निलयातले रक्त थेट उजव्या अलिंदात उडते.

उरला बाहेर जाण्याचा रस्ता. उजव्यात आत येण्याची आणि बाहेर जाण्याची झडप एकमेकींपासून दूर असतात, कारण मध्ये स्नायूची नळी असते. डाव्यात मायट्रलची पुढची पाकळी आणि महाधमनीची झडप तंतुमय पट्टीने थेट जोडलेल्या असतात. म्हणूनच महाधमनीच्या झडपेचा जंतुसंसर्ग मायट्रलच्या त्या पाकळीवर सहज पसरतो.

एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : अलिंद-निलयातली झडप निलयाबरोबर जाते. उजव्या घडणीचा निलय शरीराच्या डाव्या बाजूला असला, तरी त्याची झडप त्रिदलच असते.

पायरी ५ : आकुंचनाची तऱ्हा पाहा

उजवा निलय म्हणजे डाव्याची हलकी आवृत्ती, हा समज इथे मोडतो. दोघांच्या स्नायूंची मांडणीच निराळी आहे.

डाव्याच्या भिंतीत तीन थर धरता येतात. बाहेरचा थर एका दिशेने तिरका चढतो, आतला उलट दिशेने, आणि मधला पट्ट्यासारखा गोल फिरतो. आकुंचनात पोकळी अरुंद होते, तळ टोकाकडे ओढला जातो आणि टोक व तळ विरुद्ध दिशांना वळून सगळा निलय पिळला जातो. शिथिल होताना हा पीळ झपाट्याने सुटतो, आतला दाब एकदम खाली येतो आणि अलिंदातले रक्त आत ओढले जाते. डाव्या निलयाच्या सुरुवातीच्या भरणीत या ओढीचा मोठा वाटा असतो.

उजव्याच्या पातळ भिंतीत मधला गोल थर डाव्यासारखा विकसित नसतो. बाहेरचे तंतू साधारण आडवे आणि आतले तळापासून टोकाकडे उभे. त्यामुळे त्याचे मुख्य आकुंचन उभे होते : त्रिदल झडपेचे कडे टोकाकडे खेचले जाते. दुसरी हालचाल बाहेरची भिंत मधल्या पडद्याकडे येण्याची. पृष्ठभाग मोठा आणि पोकळी उथळ असल्याने भिंत थोडीशी सरकली तरी भात्यासारखे पुष्कळ रक्त बाहेर पडते, पण मोठा दाब मात्र तयार होत नाही. तिसरी मदत डाव्याकडून मिळते. तिच्याकडे आठव्या पायरीत येऊ. शिवाय उजव्याचे आकुंचन आत येण्याच्या भागापासून बाहेरच्या नळीकडे लाटेसारखे सरकते. नळी २५ ते ५० मिलिसेकंद उशिरा आकुंचन पावते.

आता आकार आणि टक्केवारी यांची सांगड घाला. उजव्याची पोकळी डाव्यापेक्षा थोडी मोठी असते. उदाहरणादाखल डावा भरल्यावर १२०, रिकामा झाल्यावर ५० मिलीलिटर. उजवा भरल्यावर १३०, रिकामा झाल्यावर ६०. दोघांनी ७० मिलीलिटरच पाठवले, पण इजेक्शन फ्रॅक्शन (भरलेल्या रक्तापैकी बाहेर गेलेला टक्का) डाव्याचे ५८ टक्के आणि उजव्याचे ५४ टक्के आले. उजव्याचा आकडा थोडा कमी दिसला म्हणून त्याला लगेच कमजोर ठरवू नका.

दाब आणि आकारमान यांचा आलेख काढलात तर हाच फरक रेषेत दिसेल. डाव्याचा फेरा जवळपास चौकोनी : दाब ८ वरून ८० पर्यंत चढेपर्यंत दोन्ही झडपा बंद, म्हणून उजवी बाजू सरळ उभी. उजव्याला दाब ४ वरून साधारण ९ पर्यंतच न्यायचा असतो, त्यामुळे उभा भाग जेमतेम उरतो आणि फेरा त्रिकोणाकडे झुकतो. दाब शिखरावर पोहोचून उतरायला लागल्यावरही रक्त बाहेर जातच राहते, कारण पुढचा मार्ग मोकळा आणि लवचीक असतो. फुप्फुसांतला अडथळा बराच वाढला की उजव्याचा फेराही चौकोनी होऊ लागतो. म्हणजे फेऱ्याचा आकार हा भाराचा फरक, तंतूंची मांडणी घडणीचा.

पायरी ६ : वेळापत्रक लावा

विद्युतसंदेश आधी मधल्या पडद्याच्या डाव्या बाजूला पोहोचतो आणि पडदा डावीकडून उजवीकडे उद्दीपित होतो. ईसीजीच्या व्ही ६ मधला छोटा क्यू आणि व्ही १ मधला छोटा आर इथूनच येतात. आकुंचन डावा निलय आधी सुरू करतो. तरी रक्त बाहेर पाठवायला उजवाच आधी लागतो, कारण त्याला कमी दाबाचे दार उघडायचे असते. थांबतो मात्र डावा आधी. म्हणून दुसऱ्या हृदयध्वनीत महाधमनीच्या झडपेचा आवाज आधी आणि फुप्फुस धमनीच्या झडपेचा नंतर येतो.

श्वास आत घेतला की छातीतला दाब उतरतो, उजव्याकडे जास्त रक्त येते, त्याला रिकामे व्हायला जास्त वेळ लागतो आणि दोन आवाजांतले अंतर वाढते. उजव्या बाजूचे मर्मर (रक्ताच्या खळबळीचे जादा आवाज) श्वास घेताना मोठे होतात तेही यामुळेच. एक अपवाद : फुप्फुस धमनीच्या अरुंद झडपेचा क्लिक आवाज श्वास घेताना उलट मंद होतो.

पायरी ७ : निलयाला स्वतःचे रक्त कधी मिळते?

आकुंचनात डाव्या निलयाच्या भिंतीच्या आतल्या थरांवर एवढा दाब येतो की त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे डाव्याला बहुतांश रक्त शिथिल अवस्थेत मिळते. नाडी जलद झाली की आधी शिथिल अवस्थेचाच वेळ कापला जातो, म्हणून वेगवान नाडीचा फटका डाव्याच्या आतल्या थराला बसतो. उजव्यात आकुंचनाच्या शिखरावरही दाब २५ च्या आसपास, तर महाधमनीत १२०. म्हणून त्याला दोन्ही अवस्थांत रक्त मिळत राहते. फुप्फुस धमनीतला दाब खूप वाढला की ही सवलत आटते : काम वाढते आणि पुरवठा घटतो, दोन्ही एकाच वेळी.

उजव्याच्या बाहेरच्या भिंतीला मुख्यतः उजवी करोनरी धमनी रक्त पुरवते. डाव्यातल्या दोन पॅपिलरी स्नायूंपैकी पुढच्या-बाहेरच्याला सहसा दोन धमन्यांचा आधार असतो आणि मागच्या-आतल्याला एकाच धमनीचा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर फाटतो तो बहुतेक वेळा मागचाच.

पायरी ८ : मधला पडदा वाचायला शिका

दोन निलय एक पडदा, काही सामाईक स्नायूतंतू आणि बाहेरचे एकच न ताणणारे आवरण वाटून घेतात. त्यामुळे एकात काही घडले की दुसऱ्याला कळतेच. उजव्यात तयार होणाऱ्या दाबापैकी सुमारे २० ते ४० टक्के वाटा डाव्याच्या आकुंचनातून येतो, असे प्रयोगांतून दिसले आहे.

१९४३ साली आयझॅक स्टार आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उजव्या निलयाची बाहेरची भिंत जाळून निकामी केली, तरी शिरांमधला दाब फारसा वाढला नाही. १९७१ मध्ये फ्रान्समधल्या फ्रान्सिस फाँतां यांनी त्रिदल झडप नसलेल्या रुग्णांत उजव्या निलयाला वगळून रक्त फुप्फुसांकडे नेण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. अशा कामांमुळे उजवा निलय नसला तरी चालते, असे मत बराच काळ टिकून होते. त्यात एक अट दडलेली होती : फुप्फुसांतला अडथळा कमी असेल तरच. अडथळा वाढला की उजव्यावाचून निभावत नाही.

आता पडदा वाचू. आखूड अक्षाच्या छेदात डावा निलय गोल न राहता इंग्रजी डी अक्षरासारखा चपटा दिसला, तर उजव्या बाजूवर ओझे आहे. ओझे कोणते, हे चपटेपणाच्या वेळेवरून ठरवायचे. फक्त शिथिल अवस्थेत चपटा आणि आकुंचनात पुन्हा गोल, तर जादा रक्ताचे ओझे. आकुंचनातही चपटाच, तर जादा दाबाचे. चित्र थांबवून एकाच चौकटीवर मत देऊ नका. फिल्म पुढे-मागे करून दोन्ही अवस्था पाहा.

पायरी ९ : भार बदलून पाहा

निसर्ग हा प्रयोग प्रत्येक जन्मात करतो. गर्भात फुप्फुसे बंद असतात. उजव्याने पाठवलेले बहुतेक रक्त डक्टस आर्टेरिओससमधून (फुप्फुस धमनी आणि महाधमनी जोडणाऱ्या गर्भातल्या वाहिनीतून) थेट महाधमनीत जाते. दोन्ही निलय समांतर काम करतात आणि एकूण रक्तापैकी अर्ध्याहून थोडा अधिक वाटा उजव्याचा असतो. म्हणून जन्मवेळी दोघांच्या भिंती जवळपास सारख्या जाड असतात आणि नवजात बाळाच्या ईसीजीत उजव्याचे वर्चस्व दिसते. पहिला श्वास घेतला की फुप्फुसांतला अडथळा घसरू लागतो आणि पुढच्या काही महिन्यांत डावा पुढे निघून जातो.

याहून बोलका पुरावा महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांची अदलाबदल झालेल्या बाळांत मिळतो. तिथे डावा निलय फुप्फुसांना जोडलेला असतो. अडथळा घसरला की हाच डावा पातळ पडू लागतो. त्यामुळे पडद्यात भोक नसेल तर धमन्या अदलून जोडण्याची शस्त्रक्रिया जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उरकावी लागते. उशीर झाला की शरीराचा दाब पेलायला डावा तयार राहत नाही.

मोठ्या माणसात भार अचानक वाढला तर? फुप्फुसात मोठी गुठळी अडकली की आधी निरोगी असलेला उजवा निलय सरासरी सुमारे ४० मिमी पाऱ्यापलीकडे दाब तयार करू शकत नाही. त्याआधीच तो पसरतो, पडदा डावीकडे ढकलतो, डाव्याची भरणी घटते आणि रक्तदाब कोसळतो. लाप्लासच्या नियमाने हे समजते : भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने वाढतो आणि जाडीने घटतो. उजव्याजवळ जाडी नाही आणि पसरताना त्रिज्या वाढत जाते. तेच ओझे महिन्या-वर्षांनी हळूहळू चढले तर भिंत जाड होते आणि तो कितीतरी अधिक दाब बराच काळ पेलतो. म्हणून इकोवर उजव्याचा दाब ७० आला आणि भिंत जाड असेल, तर आजार आजचा नाही. उलट डावा निलय दाबाचे ओझे तुलनेने सहन करतो. रक्त कमी-अधिक होण्याने उजवा लवकर बिथरत नाही.

पायरी १० : रुग्णाजवळ पडताळा घ्या

तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला ठेवा; तिथे हात उचलला जात असेल तर उजव्याचा विचार करा. पाचव्या बरगडीखालच्या फटीत लागणारा टोकाचा ठोका डाव्याचा. मानेतल्या शिरेची पातळी छातीच्या हाडाच्या कोनापासून ३ सेंटिमीटरपेक्षा वर असेल तर उजव्या अलिंदातला दाब वाढलेला आहे. डावा थकला की रक्त त्याच्या मागे, फुप्फुसांत तुंबते : दम लागतो, आडवे झोपवत नाही. उजवा थकला की यकृत, पोट आणि पाय सुजतात. उजवा थकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मात्र थकलेला डावा हेच असते, त्यामुळे दोन्ही चित्रे मिसळलेली भेटतात.

इकोमध्ये उजव्याचे उभे आकुंचन मोजायला टॅप्सी वापरतात : त्रिदल झडपेचे कडे टोकाकडे किती सरकले. १७ मिलीमीटरपेक्षा कमी असेल तर ते असामान्य. हे एकाच दिशेचे माप आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर टॅप्सी घटलेली आणि एकूण काम मात्र ठीक, असे वारंवार दिसते. उजव्यातला शिखरदाब त्रिदल झडपेच्या गळतीच्या वेगावरून काढतात : वेगाचा वर्ग गुणिले ४, अधिक उजव्या अलिंदाचा दाब. वेग सेकंदाला ३ मीटर आणि अलिंदात ५ असेल तर ३६ अधिक ५, म्हणजे ४१ मिमी पारा. फुप्फुस धमनीची झडप अरुंद असेल तर हा आकडा त्या धमनीतला दाब म्हणून वापरू नका.

सरावासाठी तीन प्रसंग

पहिला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका आलेला रुग्ण. रक्तदाब कमी, मानेतली शीर फुगलेली, फुप्फुसे मात्र स्वच्छ. उजव्या बाजूने काढलेल्या ईसीजीत व्ही ४ आर मध्ये एसटी उचललेला. उजव्या निलयाचा झटका आहे. हा निलय आता भरणीच्या जोरावर चालला आहे. नायट्रेटने शिरा सैल केल्या तर भरणी घटेल आणि रक्तदाब आणखी कोसळेल.

दुसरा. तरुण व्यक्ती, उजवा निलय मोठा, पडदा शिथिल अवस्थेत चपटा आणि आकुंचनात गोल. जादा रक्ताचे ओझे आहे, तेव्हा अलिंदांमधल्या पडद्यात भोक आहे का, ते शोधा.

तिसरा. इकोमध्ये शरीराच्या डाव्या बाजूचा निलय महाधमनीला रक्त देतो. भिंत १० मिलीमीटर, दाब १२०. पण आतल्या जुड्या जाड, मॉडरेटर बँड स्पष्ट, झडपेच्या दोऱ्या पडद्याला चिकटलेल्या आणि तिचे बिजागर दुसऱ्या झडपेपेक्षा टोकाकडे. जाडी आणि दाब भाराचे, बाकी सगळे घडणीचे : हा उजव्या घडणीचाच निलय आहे, शरीराच्या कामाला लावलेला. अशी हृदये बरीच वर्षे चालतात. पुढे मात्र अनेकांत त्यांची झडप गळू लागते. कारण चौथ्या पायरीत आहे. पलीकडच्या निलयात दाब कमी असल्याने पडदा तिकडे झुकतो, आणि पडद्याला चिकटलेल्या दोऱ्या आतल्या पाकळीला आपल्याबरोबर ओढून नेतात. फुप्फुस धमनीभोवती पट्टी आवळून पलीकडचा दाब वाढवला तर पडदा परत सरकतो आणि गळती कमी होऊ शकते.